समुद्रसपाटीपासून अडीच फूट

पहिल्याच भेटीत त्याने तिची दरी उलटी धरली.

"वरची बाजू ही ना?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. मग मान जरा वाकडी करून पाहिलं... आणि उलटी दरी जास्त खोल दिसत होती. दुकानदार बरोबर निघाला की गिऱ्हाइकाला राग येतो. तिलाही आला.

"जांभळे कडे, मधून पांढरी नदी. कुठली हो जागा?"

"आमच्या ओट्यावरची. जांभळा कोबी, मधोमध चिरलेला."

इथवर आल्यावर लोक हसायचे, नाहीतर कोबीचं पुढे काय केलं ते विचारायचे. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि फोटोवर वाकला.

"म्हणजे नदी हा दांडा. उगम इथे." मग हळूच, "साधी काच नको. दुकानाचा दिवा नदीत पडेल."

तिच्या नदीची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती.

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर माणसांच्या आत बघायचं आणि घरी येऊन भाज्यांच्या आत. तोवर आईचा स्वयंपाक खोळंबलेला. मुलीचं लग्न का जमत नाही, याचं आईकडे एवढं एकच कारण होतं, पण ते रोज ताजं असायचं.

पुढच्या दोन महिन्यांत तिने अकरा फोटो फ्रेम करून घेतले. घराला भिंती चारच. ढोबळ्या मिरचीतली गुहा, कांद्यातला सूर्योदय, भोपळ्याच्या सालीवरचं वाळवंट... प्रत्येक वेळी तो फोटो उलटा धरायचा, ती वाद घालायची, आणि चहा दोनदा यायचा.

मग फोटो क्लबचं प्रदर्शन आलं. क्लबचे अध्यक्ष तिचे सख्खे काका, आणि फोटो टांगायचं काम त्याच फ्रेमवाल्याकडे. तिने दरी 'निसर्गदृश्य' विभागात दिली. फोटोमागच्या चिठ्ठीवर स्थळ आणि उंची लिहायची असते. तिने खरं तेच लिहिलं. काकांना मागचं वाचायची सवय नव्हती. ते दरीसमोर उभे राहून परीक्षकांना सांगत होते, "इथे मी दोन रात्री तंबूत काढल्यात. थंडी म्हणजे... दात वाजत होते."

परीक्षकांनी तिथल्याच शिडीवर चढून फ्रेम पालटली आणि मोठ्यांदा वाचलं, "स्थळ: स्वयंपाकघराचा ओटा. समुद्रसपाटीपासून उंची: मोजली नाही. जमिनीपासून अडीच फूट."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं.

"उतरवा ते," काका म्हणाले. "भाजी गृहोपयोगी वस्तूंत जाईल."

"तुम्हाला दिसली तेव्हा दरीच होती ना काका? तुम्ही तर राहूनही आलात."

"घरी बोलू. अहो फ्रेमवाले, चढा वर, काढा तो फोटो."

फ्रेमवाल्याने शिडी मिटली आणि भिंतीला टेकवून शिडीपुढे उभा राहिला. "शिडी माझी आहे."

"पुढच्या वर्षीचं क्लबचं काम विसरा मग."

"विसरलो."

काका तणतणत बाहेर गेले. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि दरीखाली ठाण मांडलं. प्रदर्शन पाच दिवसांचं होतं. तिची रजा सात दिवस शिल्लक होती. जरा वेळाने शेजारी दुसरं स्टूल आलं.

"तुमचं काम गेलं," ती म्हणाली.

"गेलं. घरी काय होईल?"

"आई विचारेल, हा फ्रेमवाला कोण."

"काय सांगशील?"

हे 'सांगशील' दोघांनीही ऐकलं. दोघांनीही दुरुस्त केलं नाही.

"आधी मला कळू दे," ती म्हणाली.

त्याने कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, पुन्हा कानावर ठेवली. "दरी चुकून उलटी धरली होती. पुढचे अकरा... मुद्दाम. वाद घालायला तू थांबायचीस."

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. "फोटोमागे वरच्या बाजूचा बाण काढायची रीत आहे. माहितीय?"

"आहे ना. तू कधीच काढत नव्हतीस."

"हं," ती म्हणाली. "चुकून नाही."

तेवढ्यात काका दुसरीकडून शिडी पैदा करून दारात हजर झाले.

दोघंही उठले नाहीत.