व्हाया रहिमतपूर

"पाव्हणं, मेंढरं कुठं सोडली? जरा सरका की, आमालाबी भिजायचं न्हाई."

साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर माझ्या पाठीमागून आवाज आला. जुलैचा पाऊस सकाळपासून रिपरिपत होता आणि मी डोक्यावरून घोंगड्याची खोळ घेतली होती. मी वळले. खोळीतून लांब वेणी आणि कपाळावरची टिकली बाहेर आल्यावर त्या उंच पोराचा चेहरा असा काही पडला की... मला दया आली असती, पण मी त्या दिवशी कुणावर दया करायच्या मनःस्थितीत नव्हते.

"मेंढरं गावाकडं हायत," मी म्हणाले. "आज मी एकटीच चराय आलीया."

तो हसला. मला नाही, स्वतःलाच हसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माफ करा म्हणाला, आणि मी सरकून उभी राहिले तरी बिचारा पावसातच भिजत राहिला.

दहिवडीची गाडी लागली तेव्हा तोही चढला, आणि नेमका माझ्या पलीकडच्या बाकावर बसला. त्याचं नाव मानसिंग. घर रहिमतपूरला, उसाचं रान, आजोबा आणि वडील दोघंही फौजेत. तो स्वतः सांगलीला, विश्रामबागच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. साताऱ्यात सैनिक बोर्डाच्या कचेरीत काम होतं म्हणून आला होता. हे सगळं त्यानं मी न विचारताच सांगितलं.

"आन् तुमी?"

मी काय सांगणार? मी सुला. माण तालुक्यातल्या तात्याबा धनगराची धाकटी. बहात्तरच्या दुष्काळानं शाळा सुटली, रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मग पुन्हा शाळेत जाऊन बसले. मॅट्रिक पास झाले तेव्हा विसावं लागलं होतं. थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात रानातल्या तळावरच गेली. डॉक्टर पाच कोसांवर होता. तिचा हात माझ्या हातात होता आणि मला काही म्हणता काही करता येत नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं, आपण डॉक्टर व्हायचं.

ठरवायला काही लागत नाही. अडचण पुढं होती. फी माफ होणार होती, गरिबाच्या पोरांना सरकारची सवलत होती. प्रश्न पोटाचा होता. आमच्या भागात कॉलेज मार्कांवर ठरत नसे, भाकरी कुठवर पोचते त्यावर ठरत असे. आईनं पहाटे भाकरी थापायची, डबा फडक्यात बांधून एस.टी.त ठेवायचा आणि पोरानं दुपारी स्टँडवर उतरवून घ्यायचा. ज्या गावाला आपली गाडी जाते, तिथलं आपलं कॉलेज!

साताऱ्यात तर डब्याचीही गरज नव्हती. काम करून शिकायचं वसतिगृह होतं, तिथं मला जागाही मिळत होती. पण त्या सकाळी कळलं की जीवशास्त्राच्या जागा भरल्या, उरल्यात त्या गणिताच्या. जीवशास्त्र नाही तर मेडिकल नाही. कारकून मायेनं म्हणाले, पोरी, गणित घे, मास्तरीण हो. विश्रामबागच्या कॉलेजात जीवशास्त्राची जागा होती, आणि तिथून मेडिकल कॉलेजचं मिरज हाकेच्या अंतरावर. पण सांगलीला आमची गाडी जात नव्हती. सोमवारपर्यंत काय ते ठरवायचं होतं.

"मग मास्तरीण व्हायला काय हरकत हाय?" मानसिंगनं माझं सगळं ऐकून विचारलं.

"तुमी व्हा की."

तो पुन्हा हसला. मग खिडकीबाहेर बघत, सहज बोलावं तसं बोलून गेला की त्याचा स्वतःचा डबासुद्धा रोज घरून येतो, त्याची आई सकाळच्या पॅसेंजरनं पाठवते... रहिमतपूरवरून थेट सांगलीला.

मी ताठ बसले. आमची ही गाडी रहिमतपूरवरूनच जात होती! आणि दिवाळीनंतर आमचा तळ दरवर्षी त्याच भागात उतरायचा. उसाच्या आणि जोंधळ्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळायचं, आम्हाला धान्य. म्हणजे पावसाळ्यात एस.टी.नं आणि हिवाळ्यात पायी, माझ्या आईची भाकरी बाराही महिने रहिमतपूरला पोचू शकत होती. तिथून पुढं कुणीतरी ती रेल्वेत ठेवायला हवी होती, एवढंच.

"तुमच्या आई अजून एक डबा गाडीत ठेवतील?"

"ठेवंल की. त्यात काय एवढं."

"फुकट नगं. दिवाळीनंतर आमची मेंढरं चार रात्री तुमच्या रानात बसवू. धान्य घेणार न्हाई."

तो माझ्याकडं बघतच राहिला. गाडी खड्ड्यातून उसळली तरी त्याची नजर हलली नाही. मग म्हणाला, "डॉक्टर कशाला व्हताय? वकील व्हा." आणि रहिमतपूर आल्यावर, जे काय असेल ते आईशीच बोला म्हणून मला खाली उतरवलं.

त्याची आई चंद्राबाई ठसठशीत कुंकवाची, मोजकं बोलणारी बाई. मी ओल्या घोंगड्यासकट सोप्यात उभी राहिले आणि माझं म्हणणं मांडलं. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, मेंढरं बसवशील कोणत्या रानात? मी म्हणाले, तुम्ही म्हणाल त्या. "बरं," ती म्हणाली. सौदा झाला.

राहायची सोय मात्र माझी मीच शोधली. विश्रामबागेत दारोदार जाऊन विचारलं. कुणी हसलं, कुणी दार लावून घेतलं, मी पुढच्या दाराशी गेले. शेवटी लीलाबाई नावाच्या नर्सबाई भेटल्या. त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, आणि बाईंना रातपाळी. म्हातारीजवळ झोपायला कुणीतरी हवं होतं. माझी वळकटी त्याच दिवशी त्यांच्या घरात गेली.

आणि मग ते दिवस सुरू झाले...

रोज दुपारी स्टेशनवरून आलेल्या मानसिंगच्या सायकलची घंटा कॉलेजच्या फाटकाशी वाजायची. हँडलच्या एका बाजूला त्याचा डबा, दुसऱ्या बाजूला माझा. फाटकालगतच्या दगडी कट्ट्यावर आम्ही जेवायला बसायचो, मध्ये दोन माणसं बसतील एवढं अंतर ठेवून. त्याच्या डब्यात तूप, उसळ, कधी शेवयांची खीर. माझ्या डब्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा. ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी दुसऱ्या दिवशी हात पुढं यायचाच. मी खीर घेत नसे. मग तो, उरली तर फेकावी लागेल, असं आभाळाकडं बघत म्हणायचा, आणि मी घ्यायचे.

"काय ओ, काळीज कुठल्या बाजूला असतं?" एकदा मी पाठांतर करत असताना त्यानं विचारलं.

"कुणाचं? बेडकाचं?"

"माझं."

"तुमचं अजून फाडून बघितलं न्हाई."

"मग बघा की... कवातरी."

मी पुस्तकात डोकं घातलं. पान उलटं होतं का सुलटं, देव जाणे. मला तो आवडत होता. पावसात सायकल ढकलत येताना आवडायचा, डबा देताना बोटाला बोट लागू नये म्हणून जपायचा तेव्हा तर फारच. पण मी मनाला बजावलं होतं, आधी मिरज. आणि तो — तोही काही बोलत नव्हता. फौजेच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन समोर बसायचा आणि पान उलटायला विसरायचा.

दिवाळी झाली. आमची मेंढरं ठरल्याप्रमाणे चंद्राबाईंच्या रानात बसली. जानेवारीत एका दुपारी सायकलला एकच डबा होता.

मला वाटलं आईला बरं नसेल. दुसऱ्या दिवशीही एकच. तिसऱ्या दिवशी मानसिंगनं खाली मान घालून सांगितलं. गावातला कुणीतरी कॉलेजात येऊन गेला होता, कट्ट्यावर आम्हाला बघून गेला होता. धनगराच्या पोरीसोबत एका ताटात जेवतो, असं गावभर झालं होतं. चंद्राबाईंनी माझ्या आईला, उद्यापासून डबा आणू नका, म्हणून सांगितलं होतं.

"माझा घे ना," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं मला अगं-तुगं केलं होतं.

"ज्या हातानं माझा डबा परत पाठवला, त्या हातचं मी कसं खाऊ?"

"मग मी आईला समजावतो."

"तुमी काय बोलू नका. सौदा माझा हाय."

शेंगा आणि गुळावर मी आठवडा काढला. प्रॅक्टिकलला उभं राहिलं की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. परीक्षा दोन महिन्यांवर होती, आणि रिकाम्या पोटी मिरज काही माझ्या हाती लागणार नव्हतं. रविवारी मी रहिमतपूर गाठलं.

चंद्राबाई सोप्यात गहू निवडत होत्या. मला बघून त्यांचे हात थांबले नाहीत. मी समोर बसले.

"काकी, मेंढरं बसली, रानात खत पडलं, आन् डबा थांबला. हे बरूबर न्हाई."

"गावात काय बोलत्यात, ठावं हाय तुला?"

"हाय."

"मग खरं सांग. माझा मानसिंग तुला आवडतो?"

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर डबा कदाचित तिथल्या तिथे सुरू झाला असता. सुपातले गहू खाली-वर होत होते.

"व्हय," मी म्हणाले. "लय आवडतो. पर मी त्यास्नी सांगितलं न्हाई, आन् डॉक्टर हुईस्तवर सांगणार बी न्हाई. डबा त्यांच्यासाठी मागत न्हाई मी. माझी भन रानात मेली, काकी. मला मिरजंला पोचायचंय, आन् तुमच्या दारावरनं गेल्याबिगर मला वाट न्हाई."

चंद्राबाईंनी सूप बाजूला ठेवलं. मग एवढंच म्हणाल्या, "गाडी चुकंल तुझी. जा."

परतीच्या गाडीत मी रडले. सांगली यायच्या आत डोळे पुसले आणि काय करता येईल ते ठरवायला लागले. लीलाबाईंच्या ओळखीनं कुठं भांडी घासायला मिळतील, वाचायला पहाटे किती वाजता उठावं लागेल... काही झालं तरी मी गणित घेणार नव्हते.

सोमवारी दुपारी घंटा वाजली नाही. फाटकाशी टांगा येऊन थांबला आणि त्यातून चंद्राबाई उतरल्या, दोन्ही डबे हातात घेऊन. मागून सायकलवर मानसिंग, चेहऱ्यावर नुसतं प्रश्नचिन्ह.

माझा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. "तुझ्या आईनं भरलाय. आमच्यात असलं कुणी केलं न्हाई आजपत्तर. मला रातभर झोप न्हाई. पर माझ्या दारात यून खोटं बोलली असतीस, तर पुन्यांदा तोंड बघितलं नसतं तुझं." मग आवाज चढवून म्हणाल्या, "तू डॉक्टर हुईस्तवर ह्याचं लगीन मी थांबवती. पर नापास झालीस, तर दुसरी पोरगी बघून ठिवलीया, ध्यानात ठेव."

"कुणाचं लगीन?" मानसिंग म्हणाला. "आई?"

"हिला इचार." त्या टांग्याकडं वळल्या. "आलीच हाय तर गणपतीचं दर्शन घिऊन येती."

टांगा गेला. आम्ही दोघं उरलो. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, ती घसरून पडली, त्यानं उचललीही नाही.

"आईला काय सांगितलंस तू?"

"तुमी आवडता म्हणून सांगितलं."

"मग... मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलं? त्यांनी इचारलं."

"आता इचारू?"

"इचारा. पर बिगीनं. प्रॅक्टिकलची येळ झालीया."

त्यानं विचारलं. चार शब्दांना एवढा वेळ लावला की अर्धं कॉलेज आमच्याकडं बघत उभं राहिलं. मी व्हय म्हणाले. मध्ये कितीतरी वर्षं होती — माझं शिक्षण, त्याची फौज, दोन्ही गावांची तोंडं. ते त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"मी थांबतो," तो म्हणाला. "किती बी वर्षं लागू देत."

"आन् मी नापास व्हणार न्हाई," मी म्हणाले.

आणि एकदाही झाले नाही.