सत्तावीस नंबरची खुंटी

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा झाला तर तुम्ही कुणावर ठेवाल? शपथ घेणाऱ्यावर, हसून बोलणाऱ्यावर, की भिंतीत ठोकलेल्या खुंटीवर? लगेच उत्तर नको. बसा, दिवा जरा जवळ ओढा, धुकं आत यायला लागलंय. उद्यापासून शेजारचं काठ्यांचं दुकान तुम्ही सांभाळणार. या डोंगराच्या पायथ्याला माझ्या टोप्यांच्या टपरीइतकं जुनं दुसरं काही नाही. तेव्हा त्या खुर्चीवर आधी कोण बसायचा, ते माझ्याकडून ऐकलेलं बरं.

त्याला सगळे काठीवालाच म्हणायचे. पंचावन्नच्या पुढचा, गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला, पण माणूस शब्दाचा पक्का. शहर बघायला येणाऱ्यांची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी समुद्रात डुंबायचं, दुपारी बोटीतून फेरी मारायची, उन्हाने लालबुंद व्हायचं, आणि तीन वाजता आठवायचं की अरे, डोंगरावरून बंदर बघायचं राहिलंच. पायात किनाऱ्यावरच्या चपला, कानात वाळू, आणि निघाले नऊशे पायऱ्या चढायला. अशांना काठीवाला काठी द्यायचा.

काठ्या चाळीस, खुंट्या चाळीस. तापलेल्या सळईने प्रत्येक मुठीवर नंबर डागलेला. नाव लिहून घेणं नाही, सही नाही. काठीशिवाय कुणाला वर सोडायचं नाही, आणि चाळीसही खुंट्या भरल्या की मगच खालचं लोखंडी फाटक लावायचं. डोंगराला या बाजूने दुसरी वाट नाही. एक जरी खुंटी रिकामी दिसली, तर कोणीतरी वर आहे. मग घंटा वाजवायची, थांबायचं, शोधायला माणसं पाठवायची. फाटकावर त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. दोघांची दिवसभर चेष्टा चालायची.

"भावोजी, तुमच्या गुडघ्यांचा आवाज फाटकापर्यंत येतो. तेल घालू का, बिजागरीला आणलंय."

"आधी तुझ्या जिभेला घाल. गंजली तर बरं होईल म्हणा."

तर तो हंगामाचा शेवटचा महिना. पहाटे पाचपासून ऊठबस करून काठीवाल्याच्या पायांचे तुकडे पडले होते. चारच्या सुमारास एक बाई आल्या. एकट्या. केस समुद्राच्या पाण्याने ओले, खांद्यावर निळा टॉवेल. सत्तावीस नंबरची काठी हातात घेऊन त्या जराशा घुटमळल्या.

"खाली यायला उशीर झाला तर हो?"

"तुमची काठी खुंटीवर आल्याशिवाय फाटक लागत नाही, ताई. निर्धास्त जा."

हे वाक्य तो दिवसातून वीसदा म्हणायचा. त्याही दिवशी म्हणाला.

सहाला धुकं उतरलं. साडेसहाला एकोणचाळीस काठ्या जागेवर होत्या. सत्तावीस नंबरची खुंटी रिकामी. घंटा वाजवली. धुक्याने ती गिळून टाकली. शहरात जाणारी शेवटची बस सातला.

"घेऊन गेली असेल कोणी," मेहुणा किल्ल्या खुळखुळवत म्हणाला. "गेल्या महिन्यात दोन नाही का गेल्या, आठवण म्हणून? नव्या डागाव्या लागल्या. कुणाच्या तरी दिवाणखान्यात टांगल्या असतील."

"ती बाई परत येताना मी पाहिली नाही."

"तुम्ही बसल्या बसल्या डुलक्या घेता भावोजी, हत्ती गेला तरी दिसायचा नाही."

हे खरं होतं. म्हणूनच ते त्याला पटलं. माणूस दमला की जे सोयीचं तेच पटतं. शोधायला माणसं बोलवायची म्हणजे मध्यरात्रीपर्यंत थांबणं आलं, आणि उभं राहणंसुद्धा जिवावर आलं होतं. मागे एक कोरी काठी पडली होती. त्याने स्टोव्हवर सळई तापवली, मुठीवर सत्तावीस डागलं, आणि काठी खुंटीला लावली. चाळीस भरल्या. मेहुण्याने कुलूप घातलं.

सकाळी उजाडायच्या आत तो येऊन धापा टाकत वरपर्यंत गेला. कोणी नाही. साधं पाऊलसुद्धा उमटलेलं नाही. शहरातली लॉज पालथी घातली, कुणाचा माणूस कमी नव्हता. पोलिसात तक्रार नव्हती. त्याचा जीव भांड्यात पडला.

सहा दिवसांनी संध्याकाळी डोंगरावरून सर्वांत शेवटी एक जोडपं उतरलं. काठ्या परत देताना नवरा सहज म्हणाला, "फाटक लावू नका हं लगेच. मागून एक बाई येतायत."

काठीवाल्याने भिंतीकडे पाहिलं. चाळीसच्या चाळीस.

"कसल्या बाई?"

"धुक्यात नीट दिसलं नाही. काठीचा आवाज येत होता. टक... टक... आम्ही वाट द्यायला थांबलो, तर त्याही थांबल्या."

अर्धा तास वाट पाहिली. कोणी आलं नाही. मेहुण्याने फाटक लावलं.

दुसऱ्या दिवशी शेवटी उतरलेल्या म्हातारबुवांनी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या पोरींनी. एकमेकांची तोंडं न पाहिलेली माणसं, पण वाक्य तेच... मागून एक बाई येतायत. आणि खुंट्या भरलेल्या. फाटक लागलं की मग काठीवाल्याला स्वतःला ऐकू यायचं. वरच्या पायऱ्यांवरून, सावकाश, दमलेल्या माणसासारखं. टक... आणि बऱ्याच वेळाने, टक. आवाज फाटकाशी येऊन थांबायचा. मग खारट, ओल्या टॉवेलचा वास दुकानात भरायचा.

"ऐकलंस?" तो विचारायचा.

"बस चुकेल, भावोजी," मेहुणा म्हणायचा, आणि त्याच्याकडे न बघता चालू लागायचा.

असं दोन वर्षं चाललं. तुम्ही म्हणाल, दोन वर्षं गप्प कसा बसला? बसतो माणूस. खोटी काठी उतरवायची म्हणजे खोटी लावली होती हे मान्य करायचं, आणि मग ती बाई खरोखर वर होती हेही. पण त्याची झोप गेली. मुलगी बाळंत झाली तेव्हा पंधरा दिवस तिच्याकडे राहून आला, तर तिथेही संध्याकाळ झाली की दाराकडे कान. परत आला तो जास्तच थकून.

एका संध्याकाळी त्याने सत्तावीस नंबरची काठी उतरवली आणि गुडघ्यावर मोडली. मेहुण्याला म्हणाला, "तू जा. फाटक उघडं राहील."

तो एकटा दिवा लावून बसला. मी माझ्या टपरीची फळी लावत होतो, मला त्याचा उजेड दिसत होता. त्याने नंतर सांगितलं, आवाज त्या दिवशी वेगळा होता. टक नव्हे, घासल्यासारखा. आणि खूप खालून, जमिनीलगत, जणू कोणी पार वाकून चाललंय. पायऱ्या संपल्या. फाटक ओलांडलं. उंबऱ्याशी वास आला. त्याने डोळे मिटून मान खाली घातली ती वर केली नाही.

"उशीर झाला का हो...?"

"नाही, ताई... फाटक उघडंच आहे."

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. सत्तावीस नंबरच्या खुंटीवर काठी होती. वीतभर. कमरेएवढी काठी झिजून मूठ आणि त्याखाली चार बोटं लाकूड उरलं होतं, टोक कुंचल्यासारखं पिंजलेलं, पाणी ठिबकत होतं. मुठीवर त्याच्याच हातचा जुना डाग.

त्या रात्री तो दोन वर्षांत पहिल्यांदा झोपला. सकाळी मला हाक मारून चहा पाजला. "सुटलो," म्हणाला. मीही त्याला एक नवी टोपी दिली, फुकट. माझ्या हातून असं क्वचितच होतं.

संध्याकाळी खुंट्या भरल्या. सर्वांत शेवटी एक बाप-लेक उतरले. बापाने काठ्या ठेवल्या आणि म्हणाला, "फाटक लावू नका हं. मागून बरेच जण येतायत."

काठीवाल्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा किल्ल्यांकडे बघत होता.

"तुम्ही भाचीच्या बाळंतपणाला गेला होतात ना... पंधरा दिवस," तो हळूच म्हणाला. "दुकान माझ्याकडे होतं. धुकं रोजच. आणि बस तर सातचीच..."

"किती लावल्यास?"

"सळई तुमचीच होती. अक्षरही तसंच काढलं. आता मलाही ओळखू येत नाहीत."

"किती, अरे?"

काठीवाला भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. यातली खरी कुठली, खोटी कुठली, कुठली मोडायची? मग त्याने दिवा उचलला. "बसून त्यांची वाट बघायचा कंटाळा आला," म्हणाला. "जाऊन घेऊनच येतो." मी दारातून विचारलं, गुडघ्यांचं काय. तो हसला. फाटकातून गेला, आणि दिवा चौथ्या वळणापर्यंत दिसला.

काठी त्याने घेतलीच नाही. सगळ्या काठ्या भिंतीवर होत्या, खुंट्या भरलेल्या होत्या. त्याच्या नावाने रिकामी दिसेल अशी खुंटीच नव्हती. आम्ही सात दिवस शोधलं. मेहुण्याने त्यानंतर फाटकाला कुलूप लावलं नाही, आणि पुढे नोकरीच सोडली.

म्हणून ते फाटक उघडं असतं. तुम्ही दुपारी विचारत होतात ना. आणि रांगेच्या टोकाला एक्केचाळिसावी खुंटी आहे, ती मी त्याच्यासाठी ठोकलीय. तिला काही अडकवू नका, छत्रीसुद्धा नाही. संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक काय सांगेल तेही ऐकून ठेवा. हल्ली सगळे एवढंच म्हणतात, मागून बरेच जण येतायत, पुढे एक गृहस्थ दिवा धरून आहेत, लंगडतायत... पण त्यांच्या हातातल्या दिव्याला ज्योत नाही.

या दुकानाच्या किल्ल्या घ्या. दमाल, रोज दमाल, शेवटची बसही चुकेल. पण हात जोडून सांगतो, खुंट्यांचा हिशोब खरा ठेवा.