धाकटीने तोंड मिटले

धाकटी थोरलीपेक्षा कितीतरी हुशार होती. मग तिच्या टेबलावर काम निम्मेच का होत होते?

तासगावच्या एका बेदाण्याच्या शेडमध्ये सगळ्यांनाच हे कोडे पडले होते. थोरली आणि धाकटी हे तिथले दोन यंत्रमानव. बायका बेदाण्यातल्या काड्या आणि काळे मणी निवडत. यंत्रमानव त्यांच्यापुढे भरलेले क्रेट आणून ठेवत. थोरली जुनी आणि मुकी. धाकटी नवी. तिच्यात ईराच्या कुमुदआत्याने बसवलेले संवेदक (प्रकाश, आवाज, उष्णता टिपणारे यंत्राचे अवयव) समोरच्याचा चेहरा वाचत. तरीही काम मागे पडत होते. आज संध्याकाळपर्यंत ते सुधारले नाही, तर शेडच्या मालकीणबाई धाकटीला परत पाठवणार होत्या आणि आत्याची सगळी मेहनत पाण्यात.

सुट्टीला आलेल्या ईराला आत्याचा उतरलेला चेहरा बघवेना. "आत्या, मी बसू का धाकटीच्या टेबलावर?"

"बस. पण बेदाणे कमी खा."

ईराशेजारी आक्काताई होत्या. त्यांचा मुलगा कालच शिकायला नागपूरला गेला होता. निवडता निवडता त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात धाकटी क्रेट घेऊन आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आक्काताई, तुम्ही दुःखी आहात. कृपया आनंदी व्हा."

सगळ्या माना वळल्या. आक्काताईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. "हिच्या तोंडाला कुणीतरी कुलूप घाला की गं!"

ईराने टेबलभर नजर फिरवली आणि ती ताडकन उठली. जवळजवळ प्रत्येकीने तोंडापुढे पदर धरला होता. एका हाताने पदर, एका हाताने निवड!

"आत्या, काम निम्मं का होतंय ते कळलं! हिने चेहरा वाचू नये म्हणून सगळ्यांचा एक हात तोंड झाकण्यातच जातोय."

आत्या बघतच राहिली. "खरंच की! मी हिला दुसऱ्याचं मन ओळखायला शिकवलं, पण ओळखल्यावर कसं वागायचं ते शिकवलंच नाही. भावनिक बुद्धिमत्ता (आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून नीट वागण्याचं शहाणपण) नुसत्या ओळखण्यानं पुरी होत नाही."

"मग कशी होते?"

"थोरलीच्या टेबलाकडे बघ."

तिथे एक बाई कपाळ चोळत बसली होती. शेजारणीने काही न बोलता तिच्या पुढचा अर्धा ढीग आपल्याकडे ओढून घेतला. थोड्या वेळाने ती बाई गुणगुणू लागली. तिचे हातही भराभर चालू लागले.

"तिला कुणी समजावलंसुद्धा नाही," ईरा म्हणाली. "फक्त काम हलकं केलं."

"आणि चारचौघांत तिला उघडं पाडलं नाही. आपल्याला कुणी सांभाळून घेतंय हे कळलं, की मन कामात लागतं. मन लागलं की काम चांगलं होतं, आणि चांगलं झालेलं काम समाधान देतं. पण याच्याही आधीची एक पायरी आहे."

तेवढ्यात तापलेल्या मोटरची घरघर करत धाकटीने एक क्रेट धाडकन आदळला.

"मोटर तापली की ही आदळआपट करते!" ईरा ओरडली.

"अगदी तुझ्यासारखी, भूक लागली की!" आत्या हसली. "आपलं बिनसलंय हे आधी आपल्याला कळायला हवं. तरच आवरता येतं."

जेवणाच्या सुट्टीत दोघींनी धाकटीच्या सूचना बदलल्या. मोटर तापली तर थांब. कुणी उदास दिसलं तर जाहीर करू नकोस, मदत कर.

दुपारी धाकटी आक्काताईंसमोर येऊन थांबली. भराभर पदर वर गेले. धाकटी मात्र काहीच बोलली नाही. तिने क्रेट अलगद टेकवला. त्यात सगळ्यात कमी काड्यांचा माल होता.

आक्काताई आधी क्रेटकडे, मग धाकटीकडे बघत राहिल्या. "अगं बया! हिला समदं कळलं, आणि तरी गप बसली!"

टेबलावर हशा पिकला. हसता हसता पदर खाली आले आणि प्रत्येकीचे दोन्ही हात बेदाण्यांत गेले.

संध्याकाळी दोन्ही टेबलांचा दुपारनंतरचा माल जवळजवळ सारखाच भरला. मालकीणबाईंना मात्र वेगळ्याच गोष्टीचे नवल वाटले. धाकटीच्या टेबलावरच्या, एरवी घंटा होताच पळणाऱ्या बायका अजून गप्पा मारत निवडत होत्या.

"राहू दे हिला," त्या म्हणाल्या.

आत्याने ईराला कडकडून मिठी मारली. "आता दवाखान्यातल्या यंत्रमानवांनाही हे शिकवायचं. येशील मदतीला?"

"आत्ता निघू या!"

आक्काताईंनी पायांत चपला सरकवल्या. जाता जाता त्यांनी धाकटीचा पोलादी खांदा थोपटला. "येते गं, धाकटे."

या वेळी धाकटी गप्प बसली नाही. "सावकाश जा," ती हळूच म्हणाली.