लाल झालरीचा सरडा

"इथे मासे नाहीत हो."

यारित्सा दचकली. हातातली गळाची काठी हलली, आणि ज्याच्यासाठी ती वीस मिनिटं श्वास रोखून उभी होती, तो आंब्याच्या खोडावरचा सरडा सर्रकन वर पळाला.

"होता तो गेला," ती वळून म्हणाली. "तुमच्या कृपेने."

मागे बागेतला माळी उभा होता. उंच, सावळा, गुडघ्यापर्यंत चिखल. काठीच्या टोकाला बांधलेल्या दोऱ्याच्या फासाकडे त्यानं निरखून पाहिलं.

"सरडे पकडता? खायला?"

"अभ्यासाला. एम.एस्सी. करतेय."

"मग माफ करा," तो म्हणाला, आणि दोन पावलं पुढे येऊन त्यानं शेजारच्या बांबूकडे बोट दाखवलं. "तिथे एक आहे. वरून तिसऱ्या पेरावर."

तिला काही दिसेना. मग पेरावरचा तुकडा हलला, आणि सरड्यानं गळ्याखालची झालर फुलवली.

त्याचं नाव एलिउद. मायाग्वेझ शहरातल्या त्या बागेत तो सहा वर्षं काम करत होता.

त्या सप्टेंबरात यारित्सा आठवड्यातून तीनदा यायला लागली. सरड्यांना रंग कसे दिसतात, झालरीचा रंग ते कसा ओळखतात, हा तिच्या प्राध्यापकांचा विषय होता. एलिउद सरडे शोधून द्यायचा, ती फास टाकायची. दुपारी तीनच्या सुमारास रोजच्यासारखा पाऊस कोसळला, की दोघं अवजारांच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसायचे आणि तिनं आणलेले क्वेसितो, म्हणजे चीज भरलेले गोड रोल, खायचे. दुसऱ्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते कोणी आधी म्हटलं यावर दोघांचं एकमत नव्हतं.

"तुला खरंच सरडे इतके आवडतात?" त्यानं एकदा विचारलं.

"खूप," ती म्हणाली, आणि पावसाकडे बघत बसली.

हे खोटं होतं. तिला डोळ्यांची डॉक्टर व्हायचं होतं. लोकांचे डोळे तपासायचे, नंबर काढायचे. पण बेटावर मोठं चक्रीवादळ आलं त्या वर्षी घरात पाच महिने वीज नव्हती. त्या वर्षीच्या गुणांनी तिची पदवीची टक्केवारीच खाली ओढली, आणि ऑप्टोमेट्रीच्या कॉलेजनं तिला नाकारलं. 'एम.एस्सी. करा, चांगले गुण मिळवा, मग पुन्हा अर्ज करा,' असं तिथल्या बाईंनी फोनवर समजुतीनं सांगितलं होतं. ती तेच करत होती. पण एकदा नाकारलं गेलंय, हे सांगायची तिला लाज वाटे. विचारलं की ती सरड्यांचं नाव पुढे करायची.

नोव्हेंबरात एका दुपारी तिची पिशवी खोलीत उलटली. सरड्यांपुढे धरायला तिनं कागदाच्या झालरी कापल्या होत्या, काही विटकरी लाल, काही हिरवट. एलिउद वाकून गोळा करू लागला.

"रंगवार लाव हं," ती म्हणाली.

त्यानं दोन ढीग केले. दोन्ही ढिगांत दोन्ही रंग होते. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

यारित्सानं त्या झालरी तशाच पिशवीत भरल्या. पुढच्या वेळी तिनं तेच कागद मुद्दाम त्याच्या हातात दिले. त्याच्या पुढच्या वेळीही. आणि तिसऱ्या वेळी ती सरड्याची लांबी मोजत असताना एलिउदनं पाऊस लागेल म्हणून तिची उघडी वही उचलली.

"एलिउद," त्यानं वाचलं. "लाल-हिरवा. दहापैकी चार बरोबर." तो थांबला. "सरड्यांच्या वहीत मी कितवा?"

"ऐक ना... मी सांगणारच होते."

"कधी? शेपटी मोजून झाल्यावर?"

"तुला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, एलिउद. मला खात्री करायची होती. मला — मला डोळ्यांची डॉक्टर व्हायचंय. सरडे नाही आवडत मला इतके. मला गेल्या वर्षी नाकारलंय. कोणाला सांगितलं नव्हतं."

"म्हणजे तुझं तू लपवलंस," तो हळूच म्हणाला, "आणि माझं माझ्यापासून लपवलंस." वही तिच्या हातात देऊन तो भर पावसात निघून गेला.

दोन आठवडे तो बागेत दिसला की लगेच दुसऱ्या टोकाला जायचा. यारित्साला एकही सरडा सापडेना. काठी धरून ती नुसतीच उभी राही... डोळे मात्र सरड्यांना शोधत नसत.

मग एका सकाळी तो विद्यापीठात, तिच्या प्रयोगशाळेच्या दाराशी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कॉफीची एक फांदी.

"यातली पिकलेली कुठली?" त्यानं विचारलं. "खरं सांग."

तिनं लाल फळं एकेक तोडून त्याच्या तळहातावर ठेवली. हिरवी फांदीवरच राहिली. तो आळीपाळीनं दोन्हींकडे बघत राहिला.

"लहानपणी मामाच्या मळ्यात तोडणीला जायचो. माझ्या टोपलीत निम्मी कच्ची निघायची. मामा सगळ्यांसमोर म्हणायचा, या पोराचं कामात लक्षच नाही. आळशी. बाराव्या वर्षी त्यानं मला यायला बंदी केली." त्यानं मूठ मिटली. "मला वाटायचं, सगळे नीट बघतात, मलाच बघायचा कंटाळा आहे."

"तू आळशी नव्हतास."

"हे कोणीतरी म्हणावं म्हणून पंधरा वर्षं थांबलोय," तो म्हणाला.

तिनं त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ठिपक्यांची चित्रं दाखवून शांतपणे सांगितलं, जन्मापासूनचं आहे, औषध नाही, काळजीचंही कारण नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसूनच एलिउदनं मामाला फोन लावला. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं सांगितलं. मग मामा म्हणाला, "रविवारी जेवायला ये. जिला आणायचं असेल तिलाही आण."

"मी तुझ्याबद्दल काहीच बोललो नव्हतो," एलिउद फोन ठेवत म्हणाला.

"मामाला बरंच दिसतं," यारित्सा म्हणाली, आणि दोघंही इकडेतिकडे बघू लागले.

त्या हिवाळ्यात तिनं पुन्हा अर्ज केला. गेल्या वेळच्या निबंधात नुसती सेवेची मोठी वाक्यं होती. या वेळी तिनं एका मुलाबद्दल लिहिलं, ज्याला त्याच्या डोळ्यांबद्दल सत्तावीस वर्षं कोणी सांगितलं नाही. लिहिण्याआधी तिनं त्याला विचारलं.

"नाव नको," तो म्हणाला. "पण कॉफीची फळं येऊ दे."

मुलाखत झाली. एम.एस्सी.चे गुण उत्तम आले. एप्रिलमध्ये पत्र आलं, आणि ती ते घेऊन धावत बागेत गेली. एलिउद रोपवाटिकेत पपईची रोपं लावत होता.

"घेतलं त्यांनी," तिला दम लागला होता. "ऑगस्टपासून. बायामोनला."

तो उठला. आधी हसला, मग हसू जरा रेंगाळून मावळलं. "चार वर्षं?"

"चार."

"बायामोन अडीच तासांवर."

"ट्रॅफिक धरून साडेतीन."

त्यानं हातावरची माती पुसली. "तिथे सरावाला माणसं लागत असतील ना? ज्यांचे डोळे तपासतात."

"लागतात."

"मी येत जाईन. दर शनिवारी."

"पहिल्या वर्षी आम्हाला माणसांना हात लावू देत नाहीत."

"मग मी नुसता बसून राहीन. मला सवय आहे, एक मुलगी तासन् तास काठी धरून उभी असायची."

तिनं त्याच्या हनुवटीला बोट लावलं. "वर बघ," ती म्हणाली, डॉक्टरांच्या आवाजात. "आता खाली. आता माझ्याकडे."

तो आधीपासून तिकडेच बघत होता.

"काही तक्रार?"

"आहे," एलिउद म्हणाला. "सहा महिने सांगायचं राहून गेलंय. तू मला फार आवडतेस, यारित्सा."

"मलाही तू," ती म्हणाली, आणि आणखी जवळ येऊन पुढची तपासणी तिनं डोळे मिटून केली.