पिशवीतला श्वास

"तिची झोप उडाली ती भुतामुळे नाही, काळजीमुळे," मोठे मामा म्हणाले. दिवे गेले होते. भाचरं जिन्यावर दाटीवाटीने बसली होती. "पोरीला आता आपली गरजच उरली नाही, ही काळजी. तुमचे चष्मे करतो ना, त्याच्या बायकोची गोष्ट. खोटं वाटलं तर उद्या तिलाच विचारा."

चष्मेवाल्याने चाळिशीत बॅगपाइप शिकायला घेतला होता. या वयात लोक पळायला लागतात, याने काखेत पिशवी धरली. वाद्य जुनं, आधी कुणा बाईचं होतं, एवढंच दुकानदार बोलला होता. नळीतून फुंकायचं, कोपराने पिशवी दाबायची, दुसऱ्या नळीच्या भोकांवर बोटं फिरवून चाल काढायची. तोंड काढलं तरी आत साठलेला श्वास वाजत राहतो. सुरुवातीला घरात रेडा शिरल्यासारखं वाटायचं. बायकोने हसून घेतलं.

मग एके संध्याकाळी पोर त्या घूंऽऽवरच झोपून गेली. दुसऱ्या दिवशीही. आईच्या अंगाईविना.

अंगाई तिने स्वतःच रचलेली. तिसऱ्या ओळीत तिचा सूर हमखास घसरायचा. तरी पोरीला तीच लागायची. आता लागेना. 'चामड्याच्या पिशवीवर जळणारी जगातली पहिली बाई मीच,' असं ती स्वतःला सुनावायची. पण जळफळाट काही थांबत नव्हता.

त्या शनिवारी चष्मेवाला पहाटेच फ्रेमा आणायला परगावी गेला होता. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला.

"अगं, पिशवीतली हवा काढायची राहिली. तेवढी दाबून ठेव ना. आत ओल राहिली की चामडं कुजतं."

"माझ्या खोकल्याची कधी एवढी काळजी केलीस?"

"तू कुठे कुजतेस!"

पोर झोपली होती. बायको धुसफुसतच खालच्या खोलीत गेली.

दिवसभर पडलेली पिशवी एव्हाना सपाट व्हायला हवी होती. ती टम्म फुगलेली होती.

तिने दाबली. जरा जास्तच जोरात. नरडं दाबावं तशी.

घूंऽऽ...

दाबत राहिली. हवा संपेना.

मग सूर बदलला. भोकांवर कुणाचीच बोटं नव्हती. तरी... चाल उमटली.

तिचीच अंगाई.

पहिली ओळ. दुसरी. तिसरी...

सूर घसरला नाही.

तिने हात काढला. वाजतच राहिलं. शेवटच्या ओळीपर्यंत. मग गप्प.

फुंकायची नळी ओली होती. नुकतीच कुणी ओठांतून काढावी, तशी...

मामा थांबले.

"मग?" धाकटी भाची कुजबुजली.

मग काय. ती धावत वर गेली. पोर डोळे उघडे ठेवून पडली होती. पांघरूण हनुवटीपर्यंत नीट ओढलेलं. आईने ते ओढलं नव्हतं.

"झोप हं, राणी," ती कशीबशी म्हणाली. "मी अंगाई म्हणते."

"परत?" पोरीने जांभई दिली. "आत्ताच तर म्हटलीस. आज तू चुकलीच नाहीस, आई."

पोर कुशीवर वळली.

"उद्यापण अशीच थोपट. फक्त हात गरम करून ये."