तीनशे पिढ्यांच्या माश्या

कामबंदी. दिवस पहिला.

चंद्रावरच्या वसाहतीतली सरकारी प्रयोगशाळा कुलूपबंद. मग आत दिवा कसा? दहा वर्षांच्या जाईनं काचेला नाक लावलं. यंत्रमानव खंडू उंदरांना दाणे घालत होता.

"आजोबा, त्याला आत सोडतात आणि तुम्हाला नाही?"

"सभेत अंदाजपत्रक (वर्षाच्या खर्चाची मांडणी) अडलंय," डॉ. सोनटक्के म्हणाले. "ते मंजूर होईपर्यंत सगळं बंद. फुकटही काम करायचं नाही. फक्त प्राण्यांना खाणं द्यायची मुभा आहे."

"मग काय! खेळ थांबवतो तसं. नंतर तिथूनच पुढे."

आजोबांनी काचेतून आत पाहिलं. उंदरांमागच्या फळीवर त्यांच्या फळमाश्यांच्या बाटल्या होत्या.

दिवस नववा.

"चौदा दिवसांत नवी पिढी. जुन्या बाटलीतलं खाणं वाळतं, बुरशी येते, म्हणून माश्या नव्या बाटलीत घालायच्या. अशा तीनशे पिढ्या, अकरा वर्षं. कमी गुरुत्वाकर्षणात (खाली खेचणारी ओढ कमी असताना) सजीव कसे बदलतात, ते आत्ता कुठे दिसायला लागलं होतं," आजोबा म्हणाले.

दिवस चोविसावा.

"खंडू, माश्यांची बाटली बदल ना रे!" जाई काचेबाहेरून ओरडली.

"यादीत त्या प्राणी नाहीत. साहित्य आहेत. साहित्याला खाणं देत नाहीत."

"कुठल्या गाढवानं लिहिलं तसं?"

"मी," मागून आजोबा म्हणाले. "प्राणी लिहिलं की अठरा परवानग्या. तेव्हा कंटाळा केला."

"मग आता बदला!"

"यादी बदलणं हेही सरकारी काम. तेही बंद."

दिवस पंचविसावा ते त्रेचाळिसावा.

 

दिवस चव्वेचाळिसावा.

कुलूप निघालं. अडलेला निधी पूर्ण आला. बाटल्यांत काहीच हलत नव्हतं.

"पैसे आलेत ना? नव्या माश्या आणा."

"माश्या येतील गं पृथ्वीवरून. अकरा वर्षं कुठून आणू?"

जाईनं एक बाटली हलवून पाहिली. थांबवलेला खेळ होता तिथेच राहतो. या माश्या तिथे राहिल्या नव्हत्या.

महिन्याभरानं.

"तीनशे पिढ्या होईपर्यंत मी पंच्याऐंशीचा होईन," आजोबा म्हणाले.

"मी बावीसची. बाटली कशी बदलायची, दाखवा."

"अर्ध्या माश्या शेजारच्या वसाहतीत ठेवायच्या. त्यांचं सरकार वेगळं. हं, उलटी धर. अंगठा तोंडाशी. अगं, हळू!"

तीन निसटल्या. पृथ्वीवरच्या त्या माश्या पुन्हा पुन्हा छताला धडकत राहिल्या.

"यांना इथं उडताच येत नाही," जाई म्हणाली.

"चौदा दिवस थांब. त्यांची पोरं बघू."