पुराव्याचा पेपर आणि भाचीचं लग्न

“वनाबाईंनी स्वतः पाहिलं, की त्यांना कोणीतरी सांगितलं?” पोळी तव्यावर टाकत रत्नानं शांतपणे विचारलं. “कारण ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून चालत नाही, आई.”

प्रमिलाबाईंचा घास हातातच राहिला. आरोप बिबड्यांचा होता. उन्हाळ्यात पाठ मोडेस्तोवर बसून केलेल्या ज्वारीच्या या पापडांचा अख्खा डबा सुनेनं परस्पर माहेरी धाडला, असं शेजारच्या वनाबाई त्यांच्या कानात सांगून गेल्या होत्या... आणि त्यावर सुनेनं पायाशी बसून रडावं, निदान गप्प राहावं, तर ती साक्षीदार मागत होती.

“आठे काय कोर्ट भरेल शे? माले कायदा शिकाडस का?” राग आला की प्रमिलाबाई थेट अहिराणीत येत.

आतल्या खोलीतून प्रमिलाबाईंच्या यजमानांचा, नानांचा आवाज आला, “डबा माझ्या खाटेखाली आहे. अर्धा मी खाल्ला.”

आरोप संपला, पण अपमान संपला नाही. त्या दिवसापासून प्रमिलाबाईंच्या दुखावलेल्या अंतःकरणात एक ज्वाला पेटली ती पेटलीच.

अमळनेरच्या त्या घरात हे कायद्याचं वादळ आलं ते रत्नाच्या पॅरालीगलच्या अभ्यासामुळं. जळगावच्या एका कॉलेजात वर्षभराचा हा वर्ग होता, दर शनिवारी आणि रविवारी. वकिलाच्या हाताखाली मसुदे करायचे, पक्षकाराची हकिगत नीट लिहून घ्यायची, गोरगरिबाला कोर्टातली भाषा समजावून सांगायची, असं ते काम. प्रमिलाबाईंनी हे वनाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ‘पॅरालिसिस’ असं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी सुनेसाठी मालिशच्या तेलाची बाटली घेऊन त्या दारात हजर झाल्या.

सून शिकायला गेली आणि साठी उलटलेल्या प्रमिलाबाई आठवड्यातले दोन दिवस पुन्हा चुलीपुढं उभ्या राहिल्या. मुलगा प्रेमराज नरडाण्याच्या कारखान्यात, त्याच्या पाळ्यांचा काही नेम नाही. प्रमिलाबाई भाकरी थापत, गुडघा चोळत, आणि प्रत्येक भाकरीबरोबर एक उसासा टाकत... पण कोणी ऐकायला नसलं की उसासा टाकण्यातही काही गोडी राहत नाही. तेव्हा सुनेला तिच्याच शस्त्रानं हरवायचं ठरवून, रत्ना नसताना त्यांनी तिची पुस्तकं उघडली.

नववीत सुटलेलं वाचन सुरुवातीला अडखळलं. मग करार काय असतो ते कळलं, वारसाहक्क कळला, साक्ष कोणाची धरायची आणि उलटतपासणीत काय विचारायचं ते कळलं. रत्ना फोनवर प्राध्यापकांची व्याख्यानं लावून भांडी घासायची, तेव्हा प्रमिलाबाई मुद्दाम शेजारी बसून मेथी निवडत. एकदा रत्ना म्हणाली, “आई, तुम्हीच म्हणाला होतात, दिवाळीला मला माहेरी पाठवाल.” प्रमिलाबाई मान न उचलता म्हणाल्या, “मी म्हटलं होतं, पण तू हो म्हटलं नव्हतंस. स्वीकृती नाही, तर करार नाही.”

 रत्ना इतकी हसली की नानांनी आतून काय झालं म्हणून विचारलं. त्यानंतर दोघी भांडत राहिल्या खऱ्या, पण आता त्या भांडणाची दोघींनाही वाट पाहावीशी वाटू लागली.

आणि नेमकं तेव्हाच नाना शेवग्याच्या शेंगा काढायला स्टुलावर चढले आणि पाय मोडून घेऊन खाली आले. मांडीपर्यंत प्लास्टर. पाय टेकवायचा नाही, एकट्याला सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

त्याच आठवड्यात धुळ्याहून पत्रिका आली. प्रमिलाबाईंच्या धाकट्या भावाच्या, पितांबरच्या मुलीचं लग्न. भावाबहिणीचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. कारण सांगितलं तर लोक हसतील असं होतं. भावजयीनं केलेले पुरणाचे जाड मांडे पाहून प्रमिलाबाई भर पंगतीत म्हणाल्या होत्या, “मांडे शेत का गोधड्या?” एवढंच. भावजय रडली, भाऊ चिडला, आणि मग एकाही आखाजीला, लेकींनी माहेरी जायच्या अक्षय्य तृतीयेला, बहिणीला न्यायला तो आला नाही... आता त्यानं स्वतः फोन करून म्हटलं होतं, “अक्का, ये.”

लग्न आणि रत्नाचा पुराव्याचा पेपर, दोन्ही एकाच दिवशी. प्रेमराजला रजा मिळत नव्हती. नानांजवळ कोणी थांबायचं, हा प्रश्न घरात दोन दिवस घोळत राहिला. तिसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता रत्ना म्हणाली, “माझी परीक्षा पुढं ढकलली आहे. आई, तुम्ही लग्नाला जा, मी नानांजवळ थांबते.”

प्रमिलाबाईंनी हिरवी पैठणी उन्हात टाकली. आनंदानं त्यांचा जीव माहेरच्या अंगणात जाऊन पोचला होता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी रत्ना औषधं आणायला गेली असताना तिची वर्गमैत्रीण सलीमा दारात आली.

“आई, रत्नाला सांगा, सकाळची गाडी चुकवू नको. उद्या अकरा वाजता पेपर आहे.”

“पेपर पुढं गेला ना?”

“नाही हो. माझं हॉलतिकीट पर्समध्येच आहे, त्यावर उद्याचीच तारीख आहे.”

सलीमा गेली आणि प्रमिलाबाई उंबऱ्यावर बसल्या. जिला आपण बिबडेचोर ठरवायला निघालो होतो, ती पोरगी आपल्या माहेरासाठी वर्षाचा अभ्यास पाण्यात सोडायला निघाली होती. त्यांचं काळीज गलबलून आलं... आणि त्याच क्षणी त्यांनीही ठरवलं, की त्यागात आपण सुनेच्या मागं राहायचं नाही.

सकाळी त्यांनी पैठणी घडी करून ठेवली. “माझा गुडघा आखडलाय. मी काही जात नाही.”

“कोणता गुडघा?” रत्नानं विचारलं.

“डावा.”

“मघाशी उजवा धरून बसला होतात.”

“दोन्ही आखडलेत.”

“मग आत्ता स्टुलावर चढून माळ्यावरची पिशवी कशी काढलीत?”

“आणि तुझी परीक्षा पुढं ढकलली हे कोणी सांगितलं?” प्रमिलाबाईंनी तोफ वळवली. “नाव सांग. सलीमा काल येऊन गेली इथं.”

रत्नाचे डोळे भरून आले. “मी या घरात आल्यापासून दर आखाजीला तुम्ही ओट्यावर बसून रस्त्याकडं बघता, आई. दुसऱ्यांच्या लेकी माहेरी जाताना बघता. परीक्षा काय, पुढल्या वर्षीही होईल...”

“माझं माहेर इतकी वर्षं थांबलं, अजून थांबेल. तू शिक, बाई. तू हरलीस तर मी भांडू कोणाशी?”

“मी जाणार नाही.”

“मीही जाणार नाही.”

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, तेवढ्यात आतून नानांनी खाटेवर काठी आपटली.

“तुम्ही दोघींनी माझ्यासाठी त्याग केलात, बरं वाटलं. पण ज्याच्याबद्दल निकाल द्यायचा त्याचं म्हणणं आधी ऐकायचं असतं. रत्ना, त्या तुझ्या सरांचा शब्द काय तो?”

“नैसर्गिक न्याय,” पदरानं नाक पुसत रत्ना म्हणाली.

“मग मला कोणी विचारलं?”

“तुम्हाला काय विचारायचं?” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“मला लग्नाला जायचंय. पडून पडून पाठ सोलवटली. तिथं वरणबट्टी असेल, घोटलेल्या वांग्यांची भाजी असेल. शेजारच्या भटूला त्याची गाडी आणायला सांगा. पाय मोडलाय माझा, जीभ नाही.”

 सासू-सुनांनी त्याग करून टाकला होता आणि एवढा साधा उपाय कोणाला सुचला नव्हता.

रत्ना धावतच स्टेशनावर गेली. भटूनं आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर नानांना आडवं घातलं, प्लास्टरचा पाय खिडकीशी उशीवर टेकवला, आणि प्रमिलाबाई पुढं बसून धुळ्यापर्यंत “हळू रे, हळू” म्हणत गेल्या.

मांडवात चौघांनी नानांना उचलून सोफ्यावर ठेवलं. ती गडबड पाहून पितांबर आला, आणि बहिणीसमोर येऊन थांबला. कानाजवळचे केस पार पिकले होते त्याचे.

“अक्का, तू उनी... माले वाटनं, तू येत नही.”

“बलावाले इतली वरसं लायी तू,” त्या म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मागं भावजय उभी होती. प्रमिलाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. “जीभ माझी घसरली होती, बाई. राग तू कशाला धरलास इतका?”

“राग कधीच गेला,” भावजय डोळे टिपत म्हणाली. “आधी बोलायचं कोणी, एवढंच राहिलं होतं.”

संध्याकाळी पंगती उठता उठता रत्ना जळगावच्या एसटीनं पोचली, धुळीनं माखलेली, सकाळपासून उपाशी. प्रमिलाबाईंनी माहेरच्या सगळ्या बायकांना बाजूला सारून तिला आपल्याशेजारी बसवलं, बट्टी कुस्करून तिच्यावर तूप सोडलं.

“कसा गेला?”

“बरा गेला. मरताना माणसानं सांगितलेलं कधी ग्राह्य धरतात, ते आलं होतं.”

“ते तर सोपं आहे,” प्रमिलाबाई म्हणाल्या. मग जरा वेळानं, भाजी वाढण्याचं निमित्त करून त्यांनी हळूच विचारलं, “त्या वर्गाला वयाची काही अट असते का गं?”

रत्नानं घास खाली ठेवला. “वयाची नाही. पण बारावी लागते, आई. त्याआधी दहावी. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावं लागेल.”

“मग बसू,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “आधी नानांचं प्लास्टर निघू दे.”